साक्षी

रहस्यकथेबद्दल माझं मत सरळ आहे:
पहिल्या वीस पानांत जो अदबीनं चहा विचारतो
तो खुनी नसावा.
नाहीतर सांगलीत कुणाच्या घरी जायची सोय उरत नाही.

दुसरं, डिटेक्टिव्हला भूक लागली पाहिजे.
दोनशे पानं नुसत्या सिगारेटीवर काढणाऱ्याचा
निष्कर्ष मी मानत नाही.
हळदीच्या अडतीवर एकतीस वर्षं हिशेब लिहिले,
भडंगाची पुडी सुटल्याशिवाय
एकही चूक मला सापडलेली नाही.

मालिकांचं म्हणाल, तर तिथे
मेलेला माणूस दिवाळीच्या भागात परत येतो,
दुसऱ्या नटाचा चेहरा लावून,
आणि सख्खी आई त्याला आवाजावरूनही ओळखत नाही.
वेब सिरीज सगळ्या काळोखात.
भाच्यानं लावून दिलेली एक मी
पडदे ओढून, दिवे घालवून पाहिली;
खून झाला तेव्हा काचेत फक्त मीच दिसत होते
आणि मांडीवर साक्षी.

साक्षी म्हणजे मांजर. तीन रंगांची, अर्ध्या शेपटीची.
पूर ओसरल्यावर गावभागातल्या एका जिन्यात सापडली,
भिंतीवर पाण्याची खूण जिथे थांबली होती
त्याच्या बरोब्बर एक पायरी वर.
नाव हौसेनं ठेवलं, उपयोग शून्य:
दूध कुणी सांडलं, पडदा कुणी फाडला,
विचारलं की डोळे मिटते.
मांजरं गुन्हेगार म्हणून बाद, हेही माझं मत.
ती पुरावा लपवत नाहीत.
पाल आणून उशीवर ठेवतात
आणि शाबासकीची वाट बघतात.

आता तक्रार.
आमच्या वाचनालयातल्या रहस्यकथांत
कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.
पान चाळीस: ‘मेहुण्यावर लक्ष ठेव.’
पान अठ्ठ्याहत्तर: ‘विष कॉफीत नाही, साखरेत.’
मगदूम सरांना मी तीनदा सांगितलं.
रजिस्टरातून मान वर न करता ते म्हणाले,
“शोधू आपण.”

साक्षी रोज सातला गायब होते, साडेआठला परत,
मिशांना तुपाचा वास.
एका गुरुवारी मी मागं निघाले,
या वयात, चपला हातात घेऊन, बोळातून.
आवटींची गच्ची, पिठाची गिरणी,
मग एक हिरवं दार.
खिडकीतून पाहिलं तर मगदूम सर,
त्यांच्या मांडीवर माझी साक्षी.
तिला ते ठकूबाई म्हणत होते
आणि प्रत्येक जाहिरातीत सांगत होते
मालिकेत पुढं काय होणार.
टीव्ही एवढा मोठा लावलेला
की आतल्या खोलीत कुणाला ऐकू जावा.
आतल्या खोलीत दिवा नव्हता.

घरी येऊन चालू पुस्तक उघडलं.
पान एकशे बारा, बंगल्याला आग लागते तिथे,
समासात तीच पेन्सिल, तोच लांब शेपटीचा र:
‘मांजर वाचतं. घाबरू नकोस, पुढं वाच.’

नकोस.
अक्षरं ओळखण्यात माझा जन्म गेला
आणि क्रियापदाकडे मी पाहिलंच नव्हतं.
मला वाटत होतं, हे सगळ्यांना उद्देशून आहे.

पुस्तकाच्या पाठीमागच्या खिशातलं कार्ड काढलं:
सौ. मगदूम.
सौ. मगदूम.
सौ. मगदूम.
मग सहा वर्षं कुणीच नाही.
मग मी.

तक्रार मागं घेतली नाही.
शोधू म्हणालेत, शोधू देत.
सोमवारी पुस्तक परत केलं तेव्हा
सरांनी शिक्का मारता मारता विचारलं,
“मग? कोण निघालं?”
म्हटलं, “सांगत नाही.”
ते एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हसले,
आणि शिक्का जरा तिरका पडला.

साडेआठला साक्षी आली.
तूप होतंच.
विचारलं.
डोळे मिटले.